पहिला घोडा

माथेरानला जाणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, कारण त्यापुढें त्या डोंगरावर खाजगी मोटारींना मज्जाव आहे. तेथून गांवापर्यंतची तांबड्या मातीची वाट पुष्कळ मंडळी घोड्यावरून जातात, आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी मुलांना घोड्याच्या पाठीचा पहिला स्पर्श याच वाटेवर होतो. घोडेवाला लगाम धरून पुढें चालतो, घोडा मान खालीं घालून त्याच्या मागून जातो, आणि वर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला मात्र आपणच घोडा चालवीत आहों असें वाटतें. सुटी संपते, मंडळी घरीं येतात, आणि चार दिवसांनीं जेवतांना तें मूल हळूच म्हणतें, "बाबा, मला घोडेस्वारी शिकायची आहे."

येथून पुढची वाट माथेरानच्या वाटेपेक्षां निसरडी आहे. कांहीं घरांत ती मागणी हंसण्यावारीं जाते. कांहीं घरांत उलट प्रकार होतो. हातांत पैसा असतो, शहराबाहेर थोडी जागा असते, एखादा ओळखीचा मनुष्य 'घोडा स्वस्तांत मिळतो आहे' असें सांगतो, आणि वाढदिवसाची भेट म्हणून एक तेजस्वी जनावर मान उभारून दारांत उभें राहतें. पहिल्या आठवड्यांत छायाचित्रें निघतात. दुसऱ्या आठवड्यांत तो घोडा रस्त्यावरच्या कुत्र्याला बुजून एकदम आडवा उडी घेतो आणि मूल खालीं येतें. हात मोडला तर तो दीड-दोन महिन्यांत सांधतो. मनांत बसलेली भीति मात्र पुष्कळदां जन्मभर निघत नाहीं. घोड्याची गत त्याहून वाईट होते. त्याच्या नांवाला 'खोडकर' हा शिक्का लागतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकला जातो, आणि प्रत्येक नव्या हातांतला चाबूक आधींच्यापेक्षां कडक असतो. वास्तविक मुलाचाहि अपराध नसतो आणि घोड्याचाहि नसतो. निवड करणारा चुकलेला असतो.

ही चूक टाळण्यासाठीं एकच गोष्ट ध्यानांत धरली तरी पुरे आहे. पहिला घोडा हा मुलाचा शिक्षक होय. मुलाला प्रथम शाळेंत घालतांना आईबाप शिक्षकाचें रूप पाहत नाहींत कीं त्याचा पोशाख पाहत नाहींत. त्याचा स्वभाव कसा आहे, मूल चुकलें तर तो सोसून घेऊन पुन्हां सांगतो काय, आणि त्याला स्वतःला विषय येतो काय, हे तीन प्रश्न ते विचारतात. घोड्याच्या बाबतींतहि हेच तीन प्रश्न आधीं विचारावे. रंग, उंची, वंश आणि वेग यांची चौकशी त्यानंतरची.

असें कां, हें समजण्यासाठीं घोड्याची मूळ प्रकृति ओळखली पाहिजे. घोडा हा माळावर कळपानें चरणारा प्राणी. हिंस्र पशूंच्या जगांत त्याचें खरें संरक्षण त्याच्या पायांत होतें. म्हणून भय वाटतांच आधीं पळावयाचें आणि मग विचार करावयाचा, हा धडा त्याच्या रक्तांत मुरलेला आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें तो जागच्या जागीं उभा राहून जवळजवळ सगळा आसमंत पाहूं शकतो. फक्त नाकापुढची थोडी जागा आणि शेंपटीमागची जागा त्याला दिसत नाहीं. न बोलतां मागून जाणाऱ्या माणसाला लाथ बसते ती बहुधा दचकल्यामुळें, दुष्टपणामुळें नव्हे. शिवाय, शिकारी पशु घोड्यावर झडप घालतो ती जागा म्हणजे त्याची पाठ, आणि स्वारहि तेथेंच बसतो. त्या जागीं माणसाला बसूं देणें हा घोड्यानें टाकलेला फार मोठा विश्वास आहे, आणि तो एका दिवसांत येत नाहीं. अनेक वर्षें, अनेक स्वार, अनेक रस्ते आणि अनेक आवाज यांतून गेल्यावर घोड्याला हळूहळू कळूं लागतें कीं, वाऱ्यानें पिशवी उडाली म्हणजे वाघ आला असें नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो: नव्या स्वाराखालीं जुना घोडा असावा. लोकांची समजूत याच्या नेमकी उलट असते. लहान मुलाला लहान शिंगरूं आणावें, म्हणजे दोघें बरोबर वाढतील आणि बरोबर शिकतील, असें मोठ्या प्रेमानें बोललें जातें. ऐकावयास हें गोड वाटतें. परंतु दोन निरक्षरांनीं एकमेकांना बाराखडी शिकविण्यासारखें तें आहे. तरुण घोडा पावलोपावलीं प्रश्न विचारतो. त्या झुडपामागें काय आहे? डाव्या बाजूला पाय दाबला त्याचा अर्थ काय? लगाम ओढला म्हणजे थांबावें कीं मान झटकावी? या प्रश्नांना तत्काळ आणि प्रत्येक वेळीं एकच उत्तर देणारा स्वार त्याला लागतो. नवशिक्या तर आपला तोल सांवरण्यांतच गुंतलेला असतो. भीतीनें तो लगामाला लोंबकळतो आणि त्याच वेळीं टांचा घोड्याच्या पोटांत रुतवितो. म्हणजे हातांनीं 'थांब' आणि पायांनीं 'पळ' असें एकदम सांगतो. तरुण घोडा यानें भांबावून जातो. जुना जाणता घोडा अशा वेळीं चाल मंद करितो किंवा सरळ उभा राहतो.

घोड्याचें आयुष्य साधारणतः 25 ते 30 वर्षांचें असतें. नवशिक्यासाठीं दहा वर्षांच्या पुढचा, शिकलेला आणि कामांतला घोडा पाहावा. सोळा-सतरा वर्षांचा असला तरी नाक मुरडूं नये. वय ओळखण्याचें साधन म्हणजे दांत. पुढचे दुधाचे दांत सुमारें अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या वयांत पडून त्यांच्या जागीं पक्के येतात, आणि पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. त्यानंतर दांतांची झीज पाहून अंदाज करावा लागतो आणि वय वाढेल तसा तो अंदाज ढोबळ होत जातो. तीन वर्षांचा घोडा पांच वर्षांचा म्हणून गळ्यांत बांधला जात नाहीं ना, एवढें मात्र दांत निश्चित सांगतात.

दुसरा विचार नर-मादीचा. आपल्याकडील बाजारांत खच्ची न केलेले नर पुष्कळ दिसतात. ते दिसावयास भारदस्त असतात. परंतु वाऱ्यावर घोडीचा वास आला कीं, पाठीवर कोण बसलें आहे याची त्यांना शुद्ध राहत नाहीं. अशा घोड्यावर नवशिक्याला बसविणें हें साहस नसून अविचार आहे. खच्ची केलेला घोडा बहुधा समतोल असतो. घोडीहि चांगली शिक्षिका होते. मात्र माजावर येण्याच्या दिवसांत कांहीं घोड्या चिडखोर होतात, तेवढें विचारून घ्यावें.

तिसरा विचार मापाचा. घोड्याची उंची जमिनीपासून, मान जेथें पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. मोजण्याचें परिमाण 'हँड' म्हणजे 4 इंच. सुमारें साडेचौदा हँडपर्यंतच्या, म्हणजे 58 इंचांपर्यंतच्या जनावराला सामान्यतः तट्टू समजतात. तट्टू या शब्दांत आपण उगाच तुच्छता भरली आहे. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडीचीं काटक तट्टें मराठी घोडदळांत दूरवर दौडलीं, हें ज्यांना ठाऊक आहे ते तरी उंचीवरून योग्यता ठरविणार नाहींत. स्वार आणि खोगीर मिळून होणारें ओझें घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें, असा एक सोपा हिशेब आहे. 300 किलो वजनाच्या तट्टाला 60 किलोंपर्यंत ओझें चालेल. म्हणजे 35 किलोंच्या मुलीला तें उत्तम. परंतु तिच्या 85 किलोंच्या वडिलांनीं 'जरा बघूं' म्हणून त्यावर चढूं नये.

हे तीनहि विचार मनांत पक्के करून बाजारांत गेलेला मनुष्यहि तेथें कसा भुलतो, हें पाहण्यासारखें आहे. मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजाराबद्दल ती दूरवर प्रसिद्ध आहे. पुण्याचे एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन तेथें गेले आहेत आणि घोडदळांतून निवृत्त झालेले एक दफेदार त्यांच्या सोबतीला आहेत, अशी कल्पना करावी. ढोल वाजत आहे. कानांचीं टोकें एकमेकांकडे वळलेला एक पांढराशुभ्र मारवाडी घोडा गळ्यांतल्या माळा झुलवीत तालावर नाचत आहे. भोंवतीं गर्दी जमली आहे. गृहस्थ भारावून म्हणतात, "दफेदारसाहेब, घोडा असावा तर असा!"

दफेदार नम्रपणें सांगतात, "वरातीला न्यायचा असेल तर हाच घ्या, साहेब. ताईंना बसवायचं असेल तर पुढं चला."

पुढें एका कडुनिंबाखालीं एक तांबूस घोडी उभी आहे. तिच्याभोंवतीं गर्दी नाहीं. एक मागचा पाय सैल सोडून ती निवांत रवंथ केल्यासारखें तोंड हलवीत कडबा खात आहे. ढोल जोरानें वाजला कीं तिचा एक कान तिकडे वळतो. पाय हलत नाहीं. विकणाऱ्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा पाण्याची बादली घेऊन तिच्या पुढून जातो, मागून जातो, तिला हांक मारतो, ढकलतोहि. ती बाजूला सरते आणि पुन्हां खाऊं लागते. दफेदार अर्धा तास कांहींच बोलत नाहींत, नुसते पाहतात. मुलगी कंटाळून विचारते, "दफेदारकाका, ही पळत नाही का?"

"पळते, ताई," दफेदार म्हणतात, "पण विचारून पळते."

घोड्याच्या परीक्षेचें सार या उत्तरांत आहे. बाजाराचे डोळे मात्र दुसरेंच कांहीं शोधीत असतात. अंगावरच्या केंसांचे भोंवरे मोजले जातात. अमक्या जागचा भोंवरा तो देवमण म्हणून शुभ, तमक्या जागची गोम अशुभ, असा निवाडा होतो आणि त्यावर किंमत चढते-उतरते. त्या भोंवऱ्यांना घोडा बिथरवितां येत नाहीं आणि शांतहि करतां येत नाहीं. खरी गोम स्वभावांत असते, आणि ती हात फिरवून सांपडत नाहीं. थांबून पाहावी लागते.

शहरांतल्या मंडळींना आणखी एक मोह असतो. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेले उमदे घोडे कधीं कधीं थोडक्या किंमतींत मिळतात. परंतु या घोड्याला दोन-तीन वर्षांचा असल्यापासून एकच विद्या शिकविलेली असते, ती म्हणजे पुढें पळण्याची. पाठीवर स्वार पुढें झुकला आणि लगामाला ताण आला कीं, त्याला तो वेगाचा इशारा वाटूं शकतो. आणि घाबरलेला नवशिक्या नेमकें हेंच करितो. जाणत्या हातांनीं वर्ष-दोन वर्षें पुन्हां शिकविल्यास अशा घोड्यांतून उत्तम सवारीचे घोडे निघतात. मुलाचा पहिला घोडा म्हणून तो थेट शर्यतींतून आणूं नये.

घोडा पसंत पडला तरी व्यवहार त्याच दिवशीं पुरा करूं नये. घोडामैदान जवळ आहे असें आपण म्हणतों. येथें तें अक्षरशः खरें करून पाहावें. शक्य तर आगाऊ न कळवितां, सकाळीं लौकर, घोडा ज्या पागेंत राहतो तेथें जावें. खोगीर घालून तयार ठेवलेला घोडा पाहण्यांत अर्थ नाहीं. कारण उनाड घोड्याला दोन तास पळवून दमविलें म्हणजे तोहि तेवढ्यापुरता साधु होतो. मोकळा असतांना तो हातीं येतो काय, मोहरकी घालतांना डोकें खालीं करितो काय, खरारा करतांना कान मागें पाडतो काय, चारी पाय एकामागून एक उचलूं देतो काय, तंग आवळतांना चावावयास वळतो काय, आणि स्वार चढून नीट बसेपर्यंत उभा राहतो काय, हें सर्व पाहावें. यांतलीं निम्मीं कामें पुढें मुलालाच शिकावयाचीं असतात. जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाला जो घोडा सोसत नाहीं, तो पाठीवर बसलेल्या मुलाला काय सोसणार!

नंतर विकणाऱ्यानें स्वतः बसून दाखवावें. तो कांहीं सबब सांगून टाळूं लागला तर तेथूनच नमस्कार करून परतावें. त्याच्यानंतर मुलाच्या शिक्षकानें बसावें आणि साधी चाल, दुडकी आणि धांव या तिन्हींतून हलक्या लगामानें घोडा थांबतो कीं नाहीं, हें अजमावावें. त्याला सोबतच्या घोड्यांपासून दूर, एकट्याला न्यावें. कित्येक घोडे संगतींत सज्जन असतात आणि एकटे पडतांच पागेकडे तोंड फिरवून अडतात. मोटारसायकल, भुंकणारें कुत्रें, वाऱ्यानें फडफडणारें कापड यांच्याजवळून त्याला जाऊं द्यावें. तो दचकला तर बिघडलें नाहीं. दचकून जागींच थबकतो कीं भरधाव सुटतो, हा खरा प्रश्न आहे. सगळ्यांत शेवटीं, कुंपण घातलेल्या जागेंत, डोक्याला शिरस्त्राण आणि पायांत टांचेचे बूट घालून मुलानें बसावें, आणि मोठ्यांनीं मुलाकडे न पाहतां घोड्याकडे पाहावें. मुलाचा तोल गेला, लगाम चुकून ओढला गेला, रिकिबींतून पाय निसटला, त्या क्षणीं घोडा काय करितो यावर निवड ठरते.

दोषांचीहि प्रतवारी आहे. मागच्या पायांवर उभा राहणारा, लगामाला न जुमानतां चौखूर उधळणारा, ठरवून लाथ मारणारा आणि चावणारा, हे चार घोडे फुकट मिळाले तरी नवशिक्यासाठीं आणूं नयेत. आळशी, चाल हलविणारा, रूपानें सामान्य, चरावयाला मान खालीं घालणारा, हे दोष खुशाल पदरांत घ्यावे. मंद घोडा ही तरुण स्वाराची तक्रार असते. नवशिक्याला तें वरदान आहे.

शरीराची परीक्षा पशुवैद्याकडून करवावी, आणि तो पशुवैद्य विकणाऱ्यानें आणलेला नसावा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक सेनानीनें अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, त्यांत घोड्याची परीक्षा खुरांपासून सुरू करावी असें सांगितलें आहे. पाया कच्चा असेल तर वरचें घर चांगलें असून उपयोग नाहीं, हा त्याचा मुद्दा. लंगडेपण पाहण्याची एक रीत घरच्या मंडळींनाहि जमेल. घोड्याला दोरीनें धरून कठीण जमिनीवर दुडकीनें पळवावें. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकतांना डोकें वर जातें आणि चांगला पाय टेकतांना खालीं येतें. रक्ताची तपासणी दोन कारणांसाठीं हवी. ग्लँडर्स हा घोड्यांचा प्राणघातक संसर्ग माणसालाहि होऊं शकतो, हें एक. आणि शांत दिसण्यासाठीं घोड्याला गुंगीचें औषध दिलें गेलें असल्यास तें उघडकीस येतें, हें दुसरें. उपाशी घोड्यापासूनहि सावध असावें. बरगड्या दिसणारें जनावर गरीब भासतें. दोन महिने पोटभर वैरण आणि चंदी मिळाली कीं, त्याचा मूळ स्वभाव जागा होतो. याच कारणानें, काम थोडें आणि हरभरा-जव भरपूर, अशी माया चांगल्या घोड्यालाहि बिघडविते.

इतकें सांगितल्यावर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, बहुतेक शहरी कुटुंबांनीं प्रारंभीं घोडा विकत घेऊंच नये. 400 किलोंच्या घोड्याला रोज सुमारें 8 किलो कोरडी वैरण लागते. सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंद बोलवावा लागतो. घोड्याला ओकारी होत नाहीं, त्यामुळें साधा पोटशूळहि जिवावर बेततो आणि मध्यरात्रीं पशुवैद्याकडे धांवावें लागतें. कळपाचा प्राणी एकटा ठेवला तर झुरतो. विकत घेण्याची किंमत या सर्वांपुढें थोडी ठरते. म्हणून चांगल्या अश्वारोहण-शाळेंत मुलाला घालावें, आणि तेथेंहि निवड करावीच. घोड्यांच्या पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत काय, खूर फुटलेले आहेत काय, दोन तासांच्या मध्यें त्यांना विसावा आणि पाणी मिळतें काय, शिक्षक चिडला म्हणजे घोड्यावर हात टाकतो काय, हें पाहावें. जेथें घोड्याला दया मिळत नाहीं तेथें मुलाला विद्या मिळणार नाहीं. वर्ष-दोन वर्षांनींहि मुलाची ओढ कायम राहिली, पहांटे उठून लीद काढण्याचा त्याला कंटाळा आला नाहीं, म्हणजे मग घरच्या घोड्याचा विचार करावा. पुष्कळदां त्याच शाळेंतला, मुलाच्या ओळखीचा, वयस्क घोडा हाच सर्वांत उत्तम ठरतो; कारण त्याची परीक्षा आधींच शंभर वेळां झालेली असते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशींच मनाशीं ठरवून ठेवावी. मूल वाढतें, त्याची मांड पक्की होते, आणि चार-पांच वर्षांत त्याला अधिक उंच, अधिक चपळ घोडा हवासा वाटतो. तें योग्यच आहे. त्या वेळीं पहिला घोडा वीस वर्षांचा झालेला असतो आणि बाजारांत त्याला किंमत उरलेली नसते. त्याला दुसऱ्या एखाद्या नवशिक्या मुलाकडे द्यावा. तेंहि जमत नसेल तर शेवटपर्यंत सांभाळावा. परंतु कोणाच्याहि हातीं दोरी देऊन मोकळें होऊं नये. म्हातारपणीं त्याला लागतें तें मऊ गवत, पाणी, सांवली आणि ओळखीचा हात. ज्याच्या पाठीवरून मूल शंभर वेळां घसरलें आणि ज्यानें त्या शंभर वेळां पाऊल न उचलतां वाट पाहिली, त्याचें एवढें देणें मुलानें फेडलें पाहिजे. आणि तें कसें फेडावें, हें त्याला घरच्या वडील माणसांनीं शिकविलें पाहिजे.